रेग्युलेटरची घरी घडवलेली हत्यारं

सिलिंडरमधली हवा पाणबुड्याला श्वास घेता येईल अशा दाबाने देणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. त्याचा जन्मच मुळी दुसऱ्या कामासाठी केलेल्या व्हॉल्व्हमधून झाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्या गॅससाठी एअर लिक्विड या वायू-कंपनीचे अभियंते एमिल गान्यां यांनी केलेला व्हॉल्व्ह १९४३ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांच्याबरोबर पाण्याखालच्या श्वासासाठी बेतला गेला.

सर्व्हिसिंगच्या दृष्टीने मोठं वळण मात्र १९५२ चं. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी ‘पॉरपॉइज’ हा एका नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. त्यात दाब उतरवणारा पहिला टप्पा सिलिंडरवर, दुसरा थेट तोंडाशी. सिलिंडरमधला २०० बारचा दाब पहिला टप्पा साधारण ९ ते १० बारवर आणतो आणि नळीत तेवढाच दाब असतो. सीट, म्हणजे व्हॉल्व्हमधली हवेची वाट बंद करणारी मऊ गादी, झिजली की हा मधला दाब हळूहळू चढत जातो आणि तोंडाशी हवा आपोआप सुटू लागते. म्हणजे आता नुसतं उघडून साफ करून भागेना, मोजावंही लागू लागलं.

पुढे बॅलन्स्ड पिस्टन आले, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरला तरी मधला दाब तोच राखणारे. पिस्टनची दांडी उच्च दाबाच्या ओ-रिंगमधून, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यातून, सरकते. बसवताना तिच्या कडेने रिंग कापली गेली की गळती पक्की. म्हणून दांडीच्या टोकावर गोलसर टोपी चढवायची, तिला ‘बुलेट’ म्हणतात. झाकणांना दोन भोकं आली, त्यांना पिनांचे पाने लागले. अनेक उत्पादकांनी ही हत्यारं, सुटे भाग आणि पुस्तिका अधिकृत विक्रेत्यांपुरत्याच ठेवल्या. चुकीच्या दुरुस्तीने जीव जाऊ शकतो, हे त्यांचं कारण खोटं नाही. पण त्यात धंदाही होता, हे मान्य करायला हवं.

लेथ हाताशी असलेल्या पाणबुड्यांनी मग स्वतःच घडवायला घेतलं. डेलरिन या कडक प्लास्टिकच्या दांडीतून बुलेट कातली. कमी दाबाच्या पोर्टात (नळी जोडायच्या भोकात) ३/८ इंची आट्यांचा लांब बोल्ट बसवून पहिला टप्पा धरायची मूठ केली, म्हणजे व्हाइसच्या जबड्यात क्रोम खरवडायला नको. ओ-रिंग काढायला पितळेची तार घासून टोकदार केली. पोलादी टोच्याने खाचेत उठलेला एक ओरखडाही नवी रिंग गळायला पुरतो. सगळ्यात देखणं हत्यार इन-लाइन अ‍ॅडजस्टर. नळी आणि दुसरा टप्पा यांच्यामध्ये तो बसतो आणि दाब चालू असतानाच आतलं ऑरिफिस, म्हणजे सीट ज्यावर टेकते ते हवेचं तोंड, फिरवता येतं.

मोजायची साधनं त्याहून साधी निघाली. पाणबुड्याच्या तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीच्या कपलिंगवर गेज बसवलं की मधला दाब दिसतो. दुसरा टप्पा मात्र जोडलेलाच ठेवायचा, कारण दाब चढला तर वाट तिथूनच मिळते. श्वास किती ओढला की व्हॉल्व्ह उघडतो, हे पाहायला पाण्याचं भांडंही चालतं. हवा चालू ठेवून, तोंडाची बाजू वर करून दुसरा टप्पा हळूच पाण्यात उतरवायचा. फुसफुस सुरू होते तेव्हा डायफ्रॅम (व्हॉल्व्ह उघडणारा लवचीक पडदा) पाण्याखाली जितका खोल, तितकं ओढबळ. बहुधा अडीच ते चार सेंटिमीटर.

सीट मात्र घरी होत नाही. ती मिळवणं हीच आज हत्यारांपेक्षा मोठी अडचण आहे. दोन नळ्यांच्या जुन्या रेग्युलेटरांचं त्या मानाने बरं चाललंय: त्यांच्यासाठी छोटे कारागीर सिलिकॉनचे डायफ्रॅम नव्याने ओततात.