एका पायातला बूट : १९९२च्या ‘हीरो’मागचा इतिहास

स्टीफन फ्रिअर्स दिग्दर्शित ‘हीरो’ २ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. गोष्ट शिकागोतली. बर्नी लाप्लांट (डस्टिन हॉफमन) हा भुरटा चोर, चोरीच्या मालाच्या खटल्यात अडकलेला, पावसाळी रात्री मुलाला भेटायला निघालेला असतो आणि त्याच्यासमोरच एक विमान कोसळतं. कुरकुरत, शिव्या घालत तो दार उघडतो, नाइलाजाने आत शिरतो, काही जणांना बाहेर काढतो, त्यातल्याच एका बाईची पर्स लांबवतो आणि एक बूट गमावून चालता होतो. ती बाई म्हणजे टीव्ही वार्ताहर गेल गेली (जीना डेव्हिस). तिची वाहिनी या अज्ञात वीराच्या मुलाखतीसाठी दहा लाख डॉलर जाहीर करते, आणि दुसरा बूट घेऊन दारात उभा राहतो तो जॉन बबर (अँडी गार्सिया). बबर हा व्हिएतनाम युद्धात लढलेला, आता मोटारीत दिवस काढणारा बेघर माणूस. घरी जाताना बर्नीनेच त्याला सगळी हकिगत सांगून उरलेला बूट देऊन टाकलेला असतो.

सिंड्रेलाच्या गोष्टीतला बूट इथे बरोबर पायात बसतो, फक्त पाय चुकीचा असतो.

यातले बरेचसे सुटे भाग जुने आहेत, आणि ते कुठून आले हे कळलं की चित्रपट अधिक रंजक वाटतो. शिकागो हे शहर तर प्रसिद्धीच्या विनोदाचं माहेरच. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर हे दोघेही तिथले बातमीदार; १९२८ साली त्यांनी ‘द फ्रंट पेज’ हे नाटक लिहिलं आणि बातमीसाठी वाटेल ते करणारा पत्रकार अमेरिकन विनोदाला कायमचा मिळाला. पुढे हेक्टनेच ‘नथिंग सेक्रेड’ (१९३७) लिहिला. त्यात रेडियमच्या विषबाधेने मरणार असं चुकून ठरलेली एक खेडवळ मुलगी न्यूयॉर्कची लाडकी होऊन बसते. मरणार नाही हे तिला ठाऊक असतं, पण फुकटची सहल सोडवत नाही.

‘हीरो’चा सर्वांत जवळचा पूर्वज मात्र फ्रँक काप्राचा ‘मीट जॉन डो’ (१९४१). नोकरी गेलेली स्तंभलेखिका (बार्बरा स्टॅनविक) रागाच्या भरात एक बनावट पत्र छापते: समाजातल्या अन्यायाचा निषेध म्हणून नाताळच्या आदल्या रात्री मी इमारतीवरून उडी मारणार, सही जॉन डो. वाचक हवालदिल होतात. मग त्या नावाला चेहरा हवा म्हणून एका बेकार बेसबॉलपटूला (गॅरी कूपर) पगारावर ठेवलं जातं. हिंदीत १९८९ साली टिनू आनंद यांनी ‘मैं आज़ाद हूँ’ केला तो याच कथेवर. अमिताभ बच्चन आणि शबाना आझमी त्यात होते, त्यामुळे आपल्याकडे अनेकांना ही गोष्ट त्या वाटेने माहीत आहे. आता ‘मीट जॉन डो’ आणि ‘हीरो’ शेजारी ठेवून पाहा. बेघर माणसाचं वीर होणं, त्याला घडवणारी स्त्री पत्रकार, उंच इमारतीच्या कडेवर उभा राहिलेला नायक, खाली जमलेली गर्दी: हे सगळं ‘हीरो’त जसंच्या तसं आलं आहे. भर एकाच गोष्टीची. काप्राच्या गोष्टीत खरा जॉन डो कुणी नव्हताच. इथे खरा माणूस आहे, तो तुरुंगातल्या टीव्हीवर आपला तोतया पाहतोय, आणि त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

ही भर काप्राच्या स्वभावातली नाही, त्याच काळातला विनोदी दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जिस याच्या आहे. त्याच्या ‘हेल द कॉन्करिंग हीरो’मध्ये (१९४४) परागकणांच्या ॲलर्जीमुळे (हे फीव्हर) सैन्यातून परत पाठवलेला एक तरुण गावात युद्धवीर म्हणून मिरवला जातो आणि लोक त्याला थेट महापौरपदासाठी उभं करतात. युद्ध ऐन भरात असताना असला विनोद करायला हिंमत लागते. काप्राचा लोकांवर विश्वास होता. स्टर्जिसला लोकांची गंमत वाटायची. ‘हीरो’ची अडचणही इथेच आहे असं मला वाटतं. त्याचा जीव स्टर्जिसचा, आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्याला काप्रा व्हायचं असतं.

सिनेमाबाहेरही या कथेची जमीन तयार होत होती. १३ जानेवारी १९८२ रोजी एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ वॉशिंग्टनमध्ये उड्डाणानंतर लगेच पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळलं. पुलावरच्या चौघांसह ७८ जण गेले, विमानातले फक्त पाच वाचले. शेपटीजवळ तरंगणाऱ्या सहा जणांपैकी एक माणूस हेलिकॉप्टरने टाकलेली दोरी मिळेल तेव्हा शेजाऱ्याला देत राहिला. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर परतलं तेव्हा तो पाण्याखाली गेला होता. सुरुवातीचे काही दिवस त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. नंतर कळलं की तो बँकांची तपासणी करणारा अधिकारी आर्लंड विल्यम्स. त्याच दुपारी काठावरून लेनी स्कुटनिक या सरकारी कर्मचाऱ्याने बर्फाळ पाण्यात उडी मारून एका बाईला वाचवलं. ही उडी कॅमेऱ्यात आली. तेरा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संसदेतल्या वार्षिक भाषणाला स्कुटनिकला पाहुणा म्हणून बसवलं, आणि अशा पाहुण्यांना बोलावण्याची प्रथा तिथून पडली. ‘हीरो’ या अपघातावर बेतलाय असा दावा मी करणार नाही. पण कोसळलेलं विमान, एक चेहरा असलेला वीर आणि एक बिनचेहऱ्याचा, ही जोडी अमेरिकन प्रेक्षकाने खऱ्या आयुष्यात आधी पाहिली होती.

त्याआधीची, १९७५ची घटना जास्त कडवट आहे. सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर गोळी झाडणाऱ्या बाईचा हात ऑलिव्हर सिपल या माजी सैनिकाने धरला. तो समलिंगी असल्याचं वृत्तपत्रांनी काही दिवसांतच छापलं. घरच्यांना ते ठाऊक नव्हतं, संबंध तुटले. त्याने वृत्तपत्रांवर खटला भरला, तोही हरला. वीर झाला की त्याचं खासगी आयुष्यही बातमीचा भाग, हे तेव्हा ठरून गेलं.

तंत्रही बदललं होतं. सत्तरच्या दशकात बातम्यांसाठी फिल्मऐवजी हलके व्हिडिओ कॅमेरे आले. फिल्म धुवायला वेळ लागे. आता व्हॅनमधून थेट प्रक्षेपण शक्य झालं. १ जून १९८० रोजी सीएनएन सुरू झाली आणि चोवीस तास भरायचे कशाने, हा प्रश्न उभा राहिला. १९८९मध्ये सीबीएसवर ‘रेस्क्यू ९११’ आला, खऱ्या सुटका पुन्हा घडवून दाखवणारा. ‘हीरो’मध्ये वाहिनी अपघात पुन्हा उभा करते तो प्रसंग निव्वळ अतिशयोक्ती नव्हता.

पटकथा डेव्हिड वेब पीपल्स यांची. मूळ कथेत त्यांच्यासोबत निर्माती लॉरा झिस्किन आणि ॲल्विन सार्जंट यांची नावं आहेत. पीपल्स यांचीच ‘अनफर्गिव्हन’ ही पटकथा सत्तरच्या दशकापासून पडून होती. क्लिंट ईस्टवुडने केलेला तो चित्रपट ‘हीरो’च्या दोनच महिने आधी आला. त्यातही बंदूकबाजांच्या मागे फिरून स्वस्त कादंबऱ्या लिहिणारा एक लेखक आहे, जो खुनांची दंतकथा करतो. म्हणजे एकाच वर्षी एकाच लेखकाने हा विषय दोनदा मांडला, एकदा वेस्टर्नमध्ये आणि एकदा विनोदात. वेस्टर्नला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. विनोदाने अमेरिकेत जेमतेम १ कोटी ९५ लाख डॉलर कमावले, जे हॉफमन आणि डेव्हिससारखी नावं असताना फारच कमी होतं.

फ्रिअर्सची निवड मला योग्य वाटते. हा ब्रिटिश दिग्दर्शक ‘द ग्रिफ्टर्स’ (१९९०) हा भामट्यांवरचा चित्रपट करून आलेला, त्यामुळे बर्नीला गोंडस करण्याचा मोह त्याने टाळला. बर्नी शेवटपर्यंत चिकट, खोटारडा आणि कंटाळलेलाच राहतो. शेवटचा सौदाही व्यवहाराचा: वीरपद बबरकडे, बर्नीला मुलाच्या कॉलेजचा खर्च.

झिस्किन आणि सार्जंट यांचं पुढचं काम पाहिलं की हसू येतं. २००२चा ‘स्पायडर-मॅन’ झिस्किनच्या निर्मितीतला, आणि २००४च्या दुसऱ्या भागाची पटकथा सार्जंटची. लोकांना वाचवून तोंड लपवणारा तो पोरगा बर्नीचा लांबचा नातेवाईकच म्हणायचा, फक्त त्याने पर्स मारली नाही.

चित्रपटासाठी लिहिलेलं एक गाणंही असंच दुसऱ्याच पायात गेलं. मराया केरी आणि वॉल्टर अफानासिएफ यांनी ‘हीरो’ हे गाणं याच चित्रपटासाठी, ग्लोरिया एस्तेफानने गावं म्हणून लिहायला घेतलं होतं. ते मरायाने स्वतःकडेच ठेवलं. चित्रपटात ल्यूथर व्हँड्रॉसचं वेगळंच गाणं वाजतं. मरायाचं ‘हीरो’ १९९३च्या अखेरीस बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं.