तळातला पत्ता

पत्त्यांची हातचलाखी शिकायला बसलं की पहिल्यांदा पकड शिकवतात. कॅट डाव्या हातात, तर्जनी पुढच्या कडेवर, बाकीची बोटं बाजूला. हिचं नाव ‘मेकॅनिक्स ग्रिप’. अमेरिकन जुगाऱ्यांच्या बोलीत ‘मेकॅनिक’ म्हणजे हातचलाखीने डाव जिंकणारा लबाड. जादूगारांनी त्याची पकड उचलली, ती नावासकट.

या हातचलाखीचं मूळ त्याहून जुनं आहे. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉटने चेटकिणी ठरवून माणसं छळण्याविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि ओघात नाण्यांचे, पत्त्यांचे खेळ उघडे करून दाखवले. पिसताना एक पत्ता तळाशीच राखावा, ही युक्ती त्यात आहेच. पण जुगारी मंडळी आपली विद्या छापतील कशाला? ती त्यांच्या पोटाची होती.

१९०२ मध्ये शिकागोत कुणीतरी ती छापली. ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’, लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. खोटं पिसणं, तळातून वाटणं, काटलेला कॅट गुपचूप पूर्ववत करणं, सगळं हातांच्या शंभरावर चित्रांसह. उपदेश नाही, आपल्याला पैशांची गरज आहे, म्हणून लिहिलं, असं लेखक सरळ सांगतो. मला तरी हा प्रामाणिकपणा आवडतो. नाव मात्र खोटं. रोमन अक्षरं उलटी वाचली की ‘ई. एस. अँड्र्यूज’ निघतं, पण हा अँड्र्यूज कोण, यावर आजही वाद आहे. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनरने १९४६ मध्ये पुस्तकातली चित्रं काढणाऱ्या मार्शल स्मिथला शोधून काढलं. म्हाताऱ्या स्मिथला आठवली ती हॉटेलातली गारठलेली खोली आणि त्या लेखकाचे मऊ हात.

कॅनडातल्या ओटावात १८९४ साली जन्मलेल्या डाय व्हर्नन या जादूगाराने हे पुस्तक पोरवयातच पाठ केलं. तरी एक अडचण उरली होती. तळाशी राखलेले पत्ते समोरच्याने काटले की मधे जातात. आपल्याकडेही तीन पत्तीला काटल्याशिवाय कोणी वाटू देत नाही, ते याच धास्तीने. मग थेट मधून वाटता आलं तर? बहुतेक जाणकार याला दंतकथा समजत. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहराच्या तुरुंगातल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याने असा माणूस पाहिल्याचं सांगितलं आणि व्हर्नन त्याच्या शोधात निघाला. मिझुरीतल्या प्लेझंट हिल या लहानशा गावी त्याला ॲलन केनेडी सापडला. केनेडीने मधून वाटून दाखवलं, आणि कसं वाटायचं तेही शिकवलं.

हॉलिवूडला १९६३ मध्ये ‘मॅजिक कॅसल’ हा जादूगारांचा क्लब उघडला. तिथे व्हर्नन पुढे कित्येक वर्षं ठाण मांडून होता. त्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत, आणि पोरं कॅट घेऊन त्याच्या भोवती बसत.