अंश, कला, विकला आणि दशांश

सातारा शहर जवळजवळ नेमके 74 पूर्व रेखांशावर वसलेले असल्यामुळे त्याचा रेखांश कोणत्याही पद्धतीने लिहिला तरी फारसा फरक पडत नाही. सांगलीच्या अक्षांशाचे तसे नाही. मोबाइलवर तो सुमारे 16.853 असा दिसतो, तर छापील नकाशावरून वाचला असता 16 अंश 51 मिनिटे असा येतो. यातला दुसरा आकडा कोणी 16.51 असा भरला, तर नकाशावरची खूण जवळपास 38 किलोमीटर दक्षिणेला सरकून कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात पडते. विहिरीची किंवा बांधाची जागा नोंदवणाऱ्याला ही चूक महागात पडू शकते. तिचे मूळ मोजण्याच्या दोन वेगळ्या परंपरांत आहे.

त्यांपैकी जुनी परंपरा साठाची. 2, 3, 4, 5, 6, 10, 12 अशा कितीतरी संख्यांनी 60 ला निःशेष भाग जातो, त्यामुळे हातांनी आकडेमोड करणाऱ्या बॅबिलोनी गणितज्ञांना हा पाया सोयीचा होता. त्यांच्याकडून तो ग्रीकांकडे गेला आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या खगोलग्रंथात तो सर्वत्र वापरला. पुढे लॅटिनमध्ये अंशाच्या साठाव्या भागाला ‘पहिला सूक्ष्म भाग’ आणि त्याच्याही साठाव्या भागाला ‘दुसरा सूक्ष्म भाग’ अशा अर्थाची नावे पडली. मिनिट आणि सेकंद हे शब्द त्यांतूनच आले.

आपल्याकडे हीच विभागणी सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथात स्पष्ट दिलेली आहे: 60 विकलांची एक कला, 60 कलांचा एक अंश, 30 अंशांची एक रास. काळाची मोजणीही त्याच साच्यातली आहे, कारण 60 पळांची एक घटका आणि 60 घटकांचे एक अहोरात्र होते. कोन आणि काळ असे एकाच साच्यात बसल्याने पंचांगकर्त्याचे काम किती हलके होई, हे एका उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते आणि आजच्या मापाने उज्जयिनीचा रेखांश सुमारे 75 अंश 46 कला आहे. साताऱ्याशी त्याचे अंतर 1 अंश 46 कला, म्हणजे 106 कला. एका पळात पृथ्वी 6 कला फिरते, तेव्हा 106 ला 6 ने भागले की साताऱ्याचा देशांतर संस्कार, म्हणजे मध्यरेषेपासूनच्या अंतरामुळे वेळेत करावी लागणारी दुरुस्ती, साडेसतरा पळांच्या थोडी वर निघते.

दशांशाची परंपरा त्या मानाने तरुण आहे. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने 1585 मध्ये दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार केला आणि इंग्रज गणितज्ञ हेन्‍री ब्रिग्जची 1633 मध्ये प्रसिद्ध झालेली त्रिकोणमितीची कोष्टके अंशाचे शंभर भाग करून मांडलेली होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काटकोनाचेच 100 भाग करण्याचा प्रयत्न झाला, पण जगभरचे नकाशे आणि नाविकांची उपकरणे साठाच्या हिशेबावरच राहिली. भारतातही 1802 मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मद्रासेहून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे कोन अंश-मिनिट-सेकंदांतच मोजले गेले. सर्वेक्षण खात्याच्या नकाशांची जुनी विभागणीही त्याच मापाची आहे: एक अंशाच्या चौकोनाचे 15-15 मिनिटांचे सोळा तुकडे, आणि त्यांतल्या 47 एल/9 या तुकड्यात सांगली येते. संगणक आणि उपग्रहाधारित उपकरणे आली, तेव्हा एका स्थानासाठी तीन आकडे सांभाळण्यापेक्षा एकच दशांश संख्या साठवणे सोपे असल्यामुळे ती पद्धत रूढ झाली.

रूपांतराची रीत मात्र जुन्या पंचांगकर्त्यालाही ओळखीची वाटली असती. 16.853 मधले 16 हे अंश बाजूला ठेवावेत, उरलेल्या 0.853 ला 60 ने गुणले की 51.18 येतात, त्यांतली 51 मिनिटे, पुन्हा 0.18 ला 60 ने गुणले की 10.8 सेकंद. उलट जाताना मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून ती अंशांत मिळवावीत. मिनिटांच्या जागी 60 किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, तर कुणीतरी दशांश तसेच उतरवले आहेत असे समजावे. सेकंदांचे दशांश टाकून देण्याचा मोहही टाळावा असे मला वाटते, कारण आपल्या अक्षांशावर एक सेकंद लांब आणि एक सेकंद रुंद चौकोनात सुमारे नऊ गुंठे जमीन मावते.