करवत कुठे ठेवू?

एक कोडं घ्या. तीन भांडी आहेत. पहिल्यात 21 मापं पाणी मावतं, दुसऱ्यात 127 आणि तिसऱ्यात 3. पाणी हवं तेवढं आहे, पण भांड्यांवर खुणा नाहीत. बरोबर 100 मापं मोजून द्यायची.

दुसरं भांडं काठोकाठ भरा. त्यातून एकदा पहिलं भरून काढा आणि दोनदा तिसरं. 127 मधून 21 गेले, मग 3, पुन्हा 3. उरले 100.

दिवाळीत मी हे कोडं मेहुण्यांना घातलं. ते बँकेत ऑडिटला आहेत, आकडे म्हणजे त्यांच्या घरचे. पहिल्याला मिनिटभर लागलं. पुढची चार त्यांनी मोबाइल बघत बघत उडवली, कारण सगळ्यांची किल्ली एकच होती: दुसऱ्यातून पहिलं एकदा, तिसरं दोनदा. मग सहावं कोडं. भांडी 23, 49 आणि 3 मापांची, हवीत 20. मेहुण्यांनी मान वर न करता सांगितलं, "49 मधून 23, मग 3, मग 3. पुढचं?"

तेवढ्यात भाची चकली खात बाहेर आली. सहावीत आहे. तिने फक्त शेवटची ओळ वाचली. "मामा, 23 मधून 3 काढले की झालं ना?"

सातव्या कोड्यात मेहुणे अडकलेच. भांडी 28, 76 आणि 3, हवीत 25. नेहमीच्या रीतीने 42 उरतात. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि ऑडिटरच्या सुरात निकाल दिला, "छापण्यात चूक आहे." चूक नव्हती. 28 मधून 3.

ही कोडी माझी नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स वर्टहायमर यांच्या हाताखाली शिकलेले मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी ती वापरली आणि निष्कर्ष 1942 मध्ये प्रसिद्ध केले. आधीची कोडी सोडवून हात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी पुढे लांबचाच रस्ता धरला. लांबचा रस्ता बंद असलेल्या कोड्यावर तर निम्म्याहून अधिक लोक हरले. ज्यांना आधीचा सराव दिलाच नव्हता, त्यांना ते कोडं सहसा अडलं नाही. चकली खाणारी माझी भाची नकळत या दुसऱ्या गटात बसली होती. लुचिन्स यांनी शाळेतल्या मुलांना हीच कोडी वेळ लावून, परीक्षेच्या धाकात दिली, तेव्हा मुलं त्या एका रीतीला आणखीच चिकटली. काही गटांना त्यांनी मध्येच कागदावर लिहायला लावलं, 'आंधळे होऊ नका.' त्याने बऱ्याच जणांचे डोळे उघडले. सगळ्यांचे नाही.

यावर सोपा आक्षेप असा की हे नवशिक्यांचं झालं, मुरलेला माणूस असा फसत नाही. 2008 मध्ये मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लिओड आणि फर्नांड गोबे यांनी हे बुद्धिबळाच्या कसलेल्या खेळाडूंवर पाहिलं. पटावर दोन रस्ते होते. एक सगळ्यांना पाठ असलेला: स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने पाच चालींत मात. दुसरा कमी ओळखीचा, पण तीनच चालींचा. सूचना होती, कमीत कमी चालींत मात करा. खेळाडूंना पाच चालींची मात पटकन दिसली, आणि आणखी चांगलं काही आहे का ते शोधतोय असं ते म्हणत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. पण त्यांची नजर कुठे फिरते हे यंत्र टिपत होतं, आणि नजर पटावरच्या त्या ओळखीच्या चालींच्या घरांवरच घुटमळत होती. मन 'नवं शोधतोय' म्हणतंय आणि डोळे जुन्याच घराभोवती फेऱ्या मारतायत! मला या सगळ्या संशोधनात हा प्रयोग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. कारण मीटिंगमध्ये 'आपण सगळे पर्याय तपासले आहेत' असं म्हणणाऱ्याचे डोळे कुठे होते, ते टिपणारं यंत्र आपल्याकडे नसतं. (न्यायाने हेही सांगायला हवं की अव्वल ग्रँडमास्टर या सापळ्यात फारसे सापडले नाहीत.)

मग अनुभव कुचकामी? तसंही नाही. 1980 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. जिवावरच्या घाईत हे लोक निदान दोन पर्यायांची तुलना तरी करत असतील, असा त्यांचा अंदाज होता. अधिकारी म्हणाले, आम्ही तुलना वगैरे करतच नाही. बघतो आणि कळतं. क्लाइन यांनी नोंदवलेली एक हकिगत अशी. स्वयंपाकघरातली आग विझवायला एक तुकडी घरात शिरली. पाणी मारलं तरी आग नमेना. दिवाणखाना नको इतका तापलेला, आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आवाज मात्र फारच कमी. काय चुकतंय हे अधिकाऱ्याला सांगता येत नव्हतं, पण त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. पाठोपाठ जमीन खचली. आग खाली तळघरात होती.

इथे अनुभवाने उत्तर दिलं नव्हतं. 'हे नेहमीसारखं नाही' एवढंच सांगितलं होतं. अनुभव म्हणजे तयार उत्तरांची पोतडी असं आपण समजतो. माझ्या मते त्याची खरी किंमत या खटकण्यात आहे. 2009 मध्ये क्लाइन आणि डॅनिएल काहनेमन यांनी मिळून एक निबंध लिहिला. एक आतल्या आवाजाचा कैवारी, दुसरा त्याच्या चुका दाखवण्यात हयात घालवलेला. भांडायला बसले आणि एकमत झालं: आतल्या आवाजावर भिस्त ठेवायची तर परिस्थितीत काही नियमितपणा हवा, आणि आपलं चुकलं की बरोबर आलं हे वेळेवर कळायला हवं. माणसाला स्वतःची किती खात्री वाटते, याला त्यात फारशी किंमत नाही.

खटकूनही माणूस जुनं का सोडत नाही, याची गोष्ट डोंगरावरची आहे. 5 ऑगस्ट 1949, अमेरिकेतलं मोंटाना राज्य, मॅन गल्च नावाची घळ. विमानातून पॅराशूटने आगीवर उतरणारे 15 जवान तिथे पोचले. जंगलखात्याचा एक माणूस आधीपासून खाली होता. ही 'दहाची आग' आहे, म्हणजे उद्या सकाळी दहापर्यंत आटोक्यात येईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. नाव एकदा पडलं की डोळे त्या नावाप्रमाणे बघतात. म्होरक्या वॅग्नर डॉज जेवायला बसला, एकजण फोटो काढत होता. मग आगीने घळ ओलांडली आणि सुकलेल्या गवतातून ती त्यांच्या मागे लागली.

चढावर धावताना डॉजने ओरडून सांगितलं, हत्यारं टाका. आणि मग त्याने जे केलं ते त्यांच्यापैकी कुणी आधी पाहिलं नव्हतं: काडी ओढून त्याने पुढचं गवत स्वतःच पेटवलं, आणि जळून गेलेल्या राखेत तोंडावर ओला रुमाल धरून आडवा झाला. जिथे जळायला काही उरलं नाही तिथे आग कशाला येईल? त्याने बाकीच्यांना हाका मारल्या. एकही आला नाही. दोघे कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले, डॉज राखेत वाचला, 13 जण गेले.

संघटनांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल वाइक यांनी 1993 मध्ये या घटनेवर निबंध लिहिला, आणि 1996 मध्ये फक्त 'हत्यारं टाका' या एका आज्ञेवर दुसरा. मधल्या काळात, 1994 साली कोलोरॅडोच्या साउथ कॅन्यनमध्ये 14 जण आगीत गेले होते, काहींच्या पाठीवर पिशव्या तशाच. तिथून वाचलेल्या एकाने सांगितलं, की धावता धावता आपल्या खांद्यावर अजून यांत्रिक करवत आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने काय केलं असेल? ती जळणार नाही अशी जागा तो शोधू लागला. आपण करवत खाली ठेवतोय यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

वाइक यांनी माणसं हत्यार का टाकत नाहीत याची दहा कारणं दिली. आज्ञा ऐकूच येत नाही. का टाकायचं ते कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यावर भरवसा नसतो. शेजारचा टाकत नाही. टाकलं की हरलो असं वाटतं. आणि मला सर्वांत पटलेलं: हत्यार उचलायचा सराव हजारदा झालेला असतो, टाकायचा एकदाही नाही. शिवाय करवत नसेल तर मी आगवाला कसला?

हे वाचताना मला माझी वही आठवली. आधीच्या एका ऑफिसात हिशेबाची नवी प्रणाली आली. 'एक तारखेपासून सर्व नोंदी संगणकावर', एवढा मेल. का, कशासाठी, काही नाही. मी मुकाट्याने नोंदी करू लागलो आणि जोडीला टेबलाच्या खणात लाल बांधणीची जुनी वही चालू ठेवली. प्रत्येक आकडा दोनदा. संध्याकाळी अर्धा तास जादा. नऊ महिने. संगणकाचा आकडा आणि वहीचा आकडा जुळला नाही, की मी वही खरी मानायचो. दर वेळी चूक वहीत निघायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात वडापाव खाताना कुणीतरी वहीचा विषय काढला आणि कळलं, आमच्या मजल्यावर अकरा वह्या होत्या. 'बाकीच्यांना जमतंय, मलाच खात्री वाटत नाही' असं अकरा जण अळीमिळी गुपचिळी करून समजत होते.

कामाच्या जागी जुळवून घेणं म्हणजे नक्की काय, हे इलेन पुलाकोस आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 21 प्रकारच्या नोकऱ्यांमधले हजाराहून अधिक प्रसंग तपासून मांडलं. त्यातून आठ प्रकार निघाले, त्यांतले काही: आणीबाणी हाताळणं, ताण झेलणं, नवं शिकणं, वेगळ्या संस्कृतीच्या माणसांशी जमवणं, अगदी थंडी-उन्हाला शरीराने तोंड देणंही. म्हणजे नवं सॉफ्टवेअर चटकन शिकणारा नव्या साहेबाशीही जुळवून घेईल, असं धरून चालू नये. मुलाखतीत 'मी फार फ्लेक्सिबल आहे' म्हणणाऱ्याला, आठांपैकी कशात, एवढं तरी विचारावं.

आणि बदलाची वेळही वाईट निवडली जाते. बॅरी स्टॉ, लान्स सँडलँड्स आणि जेन डटन यांनी 1981 मध्ये मांडलं, की धोका दिसला की माणसं आणि संस्था दोन्ही आखडतात: माहिती कमी घेतात, निर्णय वर खेचतात, पाठ असलेलंच जोरात करतात. लुचिन्स यांच्या वर्गातली वेळ लावलेली मुलं हेच करत होती. धंदा बसायला लागला की साहेब रोजचा रिपोर्ट दिवसातून दोनदा मागू लागतात, तो प्रकार. बदलाची घोषणाही नेमकी त्याच आठवड्यात होते.

वही अजून माझ्याकडे आहे. ते ऑफिस सुटलं, त्यानंतर दोन घरं बदलली. मागच्या वेळी सामान बांधताना बायकोने ती रद्दीत टाकली होती. मी काढून घेतली.