डीसीआर, टॅबलेट आणि ‘व्यवस्थापनाची बांधिलकी’ : पार्श्वभूमी

औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींचा डॉक्टरांच्या भेटींचा दैनंदिन अहवाल, म्हणजेच डीसीआर (डेली कॉल रिपोर्ट), दीर्घकाळ कागदावर लिहिला जात असे आणि टपालाने मुख्यालयात जात असे. १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याने या वर्गाला सेवाशर्तींचे संरक्षण दिले आणि नियुक्तिपत्र बंधनकारक केले. अहवालाच्या साधनाचा प्रश्न मात्र इंटरनेट आल्यानंतरच उभा राहिला.

अहवालासाठी नवे तंत्रज्ञान आणण्याच्या त्यानंतरच्या चर्चेत ‘व्यवस्थापनाची बांधिलकी’ हा शब्दप्रयोग सतत येतो आणि सर्वाधिक गोंधळही त्यानेच घातला आहे. वरिष्ठांनी पैसा, प्रशिक्षण आणि स्वतःचा वेळ दिला तर ती बांधिलकी. आणि अहवाल वेळेत न भरल्यास प्रवासभत्ता रोखण्याचे परिपत्रक काढले, तरी त्यालाही बांधिलकीच म्हटले जाते. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या, १९८९ मध्ये मांडल्या गेलेल्या तंत्रज्ञान-स्वीकृतीच्या प्रारूपात उपयुक्तता आणि वापरातील सुलभता या दोन धारणा केंद्रस्थानी होत्या. वरिष्ठांच्या अपेक्षेला त्यात स्थान नव्हते. २००० मध्ये त्याचा विस्तार प्रसिद्ध झाला. त्यासाठी चार संस्थांत केलेल्या पाहणीत वापर सक्तीचा होता तेथे वापराच्या इराद्यावर इतरांच्या अपेक्षेचा थेट परिणाम दिसला, ऐच्छिक होता तेथे दिसला नाही. आणि सक्तीच्या ठिकाणीही तो तीन महिन्यांत ओसरला. ती पाहणी औषधविक्रीची नव्हती, तरीही परिपत्रकावर विसंबणाऱ्यांनी तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

टॅबलेट आल्यावर छापील व्हिज्युअल एडची, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या औषधांच्या सचित्र माहितीपुस्तिकेची, जागा पडद्याने घेतली आणि डॉक्टरांसमोर कोणते पान किती वेळ उघडे होते, हेही नोंदवता येऊ लागले. परंतु टॅबलेटवर अहवाल भरूनही एरिया मॅनेजर कागदी तक्ता वेगळा मागत राहिला, तर प्रतिनिधीने रात्री लॉजवर बसून दिवसभराच्या भेटी एकदम भरणे स्वाभाविक आहे, आणि त्याला तंत्रज्ञानविरोध म्हणणे अन्यायाचे आहे. जॉइंट वर्कच्या, म्हणजे प्रतिनिधीसोबत भेटींना जाण्याच्या, दिवशी मॅनेजर स्वतः त्याच नोंदी उघडून पुढच्या भेटीची आखणी करतो, तेव्हा ती माहिती भरण्याचे कारण प्रतिनिधीला वेगळे समजवावे लागत नाही.

याहून तीव्र वाद मोबाईलवरील स्थाननोंदीचा झाला. न झालेल्या भेटी अहवालात येऊ नयेत, ही व्यवस्थापनाची बाजू. कामावर पाळत ठेवून सेवाशर्ती एकतर्फी बदलल्या जात आहेत, ही कामगार संघटनांची. २०२० च्या टाळेबंदीत भेटी फोनवर आणि व्हिडिओवर गेल्या, तेव्हा प्रतिनिधी कोठे उभा आहे या नोंदीला काही काळ अर्थ उरला नाही. त्याच वर्षी संमत झालेल्या श्रमसंहितांमध्ये १९७६ च्या कायद्याचा विषय समाविष्ट करण्यात आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्यास मुभा ठेवली, त्यामुळे हा वाद संमतीच्या प्रश्नावर न मिटता पुन्हा सेवाशर्तींच्या वाटाघाटीत येऊन थांबतो.