घरासमोरचा ठिय्या आणि गल्लीतून जाणारा मोर्चा: अमेरिकेतल्या कायद्याचा एक कायमचा घोळ

अमेरिकेत एखाद्या महापौराच्या किंवा न्यायाधीशाच्या घराबाहेर फलक घेऊन माणसं जमली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘रस्ता सरकारी आहे, कुठेही उभं राहता येतं,’ हे एकीकडून. ‘घरासमोर निदर्शनं करायला तिकडे बंदीच आहे,’ हे दुसरीकडून. दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत, आणि ठेच एकाच जागी लागते. वस्तीतून जाणारा मोर्चा आणि एका घरावर रोखलेला ठिय्या कायद्याच्या लेखी वेगवेगळे आहेत. शेजाऱ्यांची तक्रार ही तर तिसरीच गोष्ट, आणि तिचा कायदाही तिसराच.

मोर्चा म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. रस्ता अडणार असेल तर परवाना लागतो, फुटपाथवरून जाणाऱ्या लहान गटाला बहुतेक ठिकाणी लागत नाही. एक बारकावा तेवढा लक्षात ठेवा: लोक चिडतील, बंदोबस्त वाढवावा लागेल, असा हिशेब करून शहराला परवान्याची फी चढवता येत नाही. जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हे स्पष्ट केलं. मोर्चाबद्दल इतकं पुरे.

ठिय्याचा कायदा आला तो विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रुकफील्डमधून. मिलवॉकीजवळचं हे गाव, तेव्हाची लोकसंख्या सुमारे ४,३००. १९८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरच्या घरासमोर निदर्शनं झाली. किमान सहा वेळा, दर वेळी तास-दीड तास, कधी ११ माणसं तर कधी ४० हून जास्त. रस्ता जेमतेम ३० फूट रुंद, त्याला फुटपाथही नाही. सगळं बऱ्यापैकी शांततेत चाललं होतं. तरीही गावाने एका वाक्याचा नियम केला: कोणाच्याही निवासस्थानासमोर किंवा आसपास पिकेटिंग (फलक घेऊन निदर्शनं) करणं बेकायदेशीर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ च्या ‘फ्रिझ्बी विरुद्ध शुल्ट्झ’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी नियम टिकला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला.

‘नियम टिकला’ एवढंच वाचून पुढचं पान न उलटणाऱ्यांनी हा घोळ घातलेला आहे. नियम टिकला तो न्यायालयाने त्याचा अर्थ आवळून घेतल्यामुळे. आधी न्यायालयाने मान्य केलं की वस्तीतला अरुंद, शांत रस्ताही अभिव्यक्तीसाठी सार्वजनिक जागाच आहे. मग सांगितलं की बंदी फक्त एका विशिष्ट घरावर रोखलेल्या आणि त्याच घरासमोर होणाऱ्या निदर्शनांपुरती आहे. वस्तीतून मोर्चा काढायला, अख्ख्या ब्लॉकमधल्या (चार रस्त्यांमधला घरांचा पट्टा) घरांवरून चालत जायला, दारोदार जाऊन बोलायला, पत्रकं वाटायला मुभा कायम राहिली. म्हणजे ज्या निकालाचा दाखला देऊन लोक ‘वस्तीत येऊच नका’ म्हणतात, त्याच निकालात वस्तीत यायची परवानगी लिहिलेली आहे.

तेव्हा असा नियम जिथे आहे तिथे पाहायचं ते रोख कोणावर आहे. किती माणसं आहेत, ती ओरडतात की गप्प आहेत, सभ्य आहेत की नाहीत, हे प्रश्न इथे दुय्यम. एकटा माणूस तोंड मिटून, फलक छातीशी धरून महापौराच्या फाटकासमोर अर्धा तास उभा राहिला, तर तो ठिय्या आणि बंदीच्या कक्षेत. दोनशे माणसं घोषणा देत त्याच फाटकावरून न थांबता पुढे गेली, तर तो मोर्चा आणि बंदीच्या बाहेर. हे उलटं वाटतं, म्हणून तर लोक फसतात. निकालाशी असहमत असलेल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी नेमकं हेच दाखवायला उदाहरण दिलं होतं: ‘चार्ली, लवकर बरा हो, संघाला तुझी गरज आहे’ असा फलक घेऊन मित्राच्या घरासमोर थांबलेलं पाचवीतलं पोरही या नियमात अडकेल. टोमणा बिनतोड होता, पण मतं तीनच पडली.

मग मोर्चाचा ठिय्या नेमका कधी होतो? पहिली चूक थांबण्याची. मोर्चा त्या घराशी येतो, पुढारी मागे वळून भाषण सुरू करतो, आणि तिथेच पोलिसांना कलम सापडतं. दुसरी चूक जास्त हुशार लोक करतात: ‘आम्ही थांबलो कुठे, चालतच होतो’ म्हणत एकाच घरासमोर वीस पावलं इकडे आणि वीस पावलं तिकडे. पाय हलतात म्हणून मोर्चा होत नाही, रोख तोच राहतो. मार्ग खरंच मार्ग हवा. ब्लॉकची पूर्ण फेरी, शक्य तर दोन-तीन रस्ते, सगळ्या घरांसमोर सारखाच वेग, भाषणाची जागा चौकात किंवा बागेत. मार्ग कागदावर लिहून आधीच स्वयंसेवकांच्या हाती द्यावा. ऐन वेळी ‘जरा थांबा, सगळे गोळा होऊ दे’ असं कोणी म्हटलं तर ते त्या घरासमोर नको, पुढच्या कोपऱ्यावर.

मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीचा नियम हे जवळजवळ शब्दशः सांगतो: खाजगी निवासासमोर पिकेटिंग मना, पण कोणत्याही एका घराशी न थांबता वस्तीतून चालत जायला हरकत नाही. मे २०२२ मध्ये चेव्ही चेस इथे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या घरांवरून निदर्शक पुन्हा पुन्हा चालत जात होते. पोलीस त्यांना हटवत का नाहीत, असं तेव्हा लोक विचारत होते. त्या चालण्याचं कारण या नियमात आहे.

न्यायाधीशांचा मामला मात्र स्वतंत्र आहे आणि तो महापौर, नगरसेवकांच्या प्रकरणात मिसळू नये. १९५० पासून एक केंद्रीय कायदा आहे, केंद्रीय कायदेसंग्रहातल्या शीर्षक १८ चं कलम १५०७. न्यायाधीश, ज्यूरी सदस्य, साक्षीदार यांच्या कामावर प्रभाव टाकायच्या हेतूने त्यांच्या घराजवळ निदर्शनं केली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इथे हेतू सिद्ध करावा लागतो. आपल्या महापौराबद्दल बोलताना हे कलम फेकणारे लोक भेटले तर त्यांना कलमाची यादी वाचून दाखवा. महापौर त्यात नाही.

उलट अंगाने एक गैरसमज: ‘ब्रुकफील्डचा तो डॉक्टर खाजगी माणूस होता, महापौर लोकसेवक आहे, म्हणून त्याच्या घरासमोर चालतं.’ असा नियम निकालात नाही. पिकेटिंगच्या नियमाला कोण, कशासाठी उभं आहे हे पाहायची मुभाच नसते. इलिनॉय राज्याने ती चूक केली होती. घरासमोरच्या पिकेटिंगवर बंदी, पण कामगारांच्या वादाला सूट. शिकागोच्या महापौरांच्या घरासमोर १९७७ मध्ये वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं झाली, लोकांना अटक झाली, आणि १९८० च्या ‘केरी विरुद्ध ब्राऊन’ निकालात कायदाच पडला. सूट कामगारांना देणार आणि वर्णभेदविरोधकांना नाही, हे समानतेत बसत नव्हतं. म्हणून नियम वाचताना आधी अपवाद शोधा. विषय पाहून दिलेली सूट दिसली, तर त्या नियमाचा पाया कच्चा आहे.

आता ३०० फुटांचं प्रकरण. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर. हा आकडा इतका फिरलाय की लोकांना तो संविधानातलाच वाटतो. फ्लोरिडातल्या ‘मॅडसेन’ खटल्यात (१९९४) दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या घरांपासून ३०० फुटांत निदर्शनांना केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण त्या वर्तुळात साधा मोर्चाही अडकत होता. वेळ, कालावधी आणि संख्या मर्यादित ठेवून लहान वर्तुळात काम भागलं असतं, असं न्यायालय म्हणालं. पुढे २००६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं केंद्रीय न्यायालय, सर्वोच्च न्यायालयाच्या एक पायरी खाली) कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो काउंटीचा ३०० फुटांचाच नियम टिकवला. अंतर तेच, निकाल उलटे. काउंटीचा नियम फक्त एका घरावर रोखलेल्या निदर्शनांना लागू होता. (एकीकडे न्यायालयाने काढलेला मनाई हुकूम आणि दुसरीकडे सर्वांना लागू असलेला नियम, हाही फरक आहेच. हुकुमाची तपासणी जरा कडक होते.) मला स्वतःला ३०० फुटांचे नियम आवडत नाहीत. दाट वस्तीत तेवढ्या अंतरात कितीतरी घरं येतात, आणि चार घरं सोडून उभ्या राहिलेल्या माणसाचा रोख कोणावर आहे हे पोलिसाला अंदाजानेच ठरवावं लागतं.

शेजाऱ्यांकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त वाया जाणारी तक्रार होते. समोरच्या घरातला माणूस पोलिसांना फोन करून सांगतो, ‘इथे महापौरांच्या घरासमोर निदर्शनं चालू आहेत, थांबवा.’ पण ठिय्याबंदी ज्या घरावर रोख आहे त्या घरातल्या माणसाच्या स्वस्थतेसाठी आहे. शेजाऱ्याला छळतो तो भोंगा, ढोल, अडलेला ड्राइव्हवे, पहाटेची वेळ. हा सगळा त्रास मोर्चातूनही होऊ शकतो आणि मूक ठिय्यातून अजिबात होत नाही. म्हणजे शेजाऱ्याचा त्रास आणि ठिय्याबंदी यांचं गणित जुळतच नाही. त्याच्या कामाचे नियम दुसरे आहेत, आणि ते जास्त भक्कम आहेत.

आवाजाचा नियम त्यात पहिला. ट्रेंटन शहराने रस्त्यावरच्या कर्कश भोंगागाड्यांवर घातलेली बंदी १९४९ मध्येच ‘कोव्हॅक्स विरुद्ध कूपर’ निकालात टिकली. मॅडसेनमध्ये ३०० फुटांची मनाई पडली तरी वस्ती बुडवून टाकणारा ध्वनिवर्धकाचा आवाज कमी करायला सांगता येतं, हे राहिलं. दुसरा वेळेचा. बॉस्टनने २०२२ मध्ये रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत एका घरावर रोखलेल्या निदर्शनांना मनाई केली, दंड १०० डॉलरपासून. पूर्ण बंदीपेक्षा असा वेळेचा नियम मला बरा वाटतो. निदर्शकाची दुपार शाबूत राहते आणि शेजारच्या बाळाची झोपही.

तेव्हा फोन तातडीच्या नव्हे, पोलिसांच्या साध्या क्रमांकावर करा आणि विषय न सांगता त्रास सांगा: ‘ध्वनिवर्धक ६ वाजून १० मिनिटांनी सुरू झाला, खिडक्या बंद करूनही शब्द स्पष्ट ऐकू येतात, माझा ड्राइव्हवे दोन गाड्यांनी अडवलाय.’ सुरू-बंद झाल्याची वेळ, आपल्या घरातलं ठिकाण आणि वापरलेलं यंत्र लिहून ठेवा. ‘हे लोक भयंकर आहेत’ हे लिहू नका. त्यावर काही होत नाही आणि तक्रार राजकीय ठरते.

शेजारीच चिडले तर? शिकागोच्या ब्रिजपोर्ट भागात १९६५ च्या ऑगस्टमध्ये विनोदी कलाकार आणि नागरी हक्क कार्यकर्ते डिक ग्रेगरी यांच्याबरोबर सुमारे ८५ माणसं शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध महापौर डेली यांच्या घराकडे चालत गेली. बघ्यांची संख्या हजारावर गेली, अंडी आणि दगड बघ्यांकडून आले, आणि अटक मोर्चेकऱ्यांना झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या शिक्षा रद्द केल्या. मोर्चा शांत होता, आणि बघ्यांचा संताप हा मोर्चेकऱ्यांचा गुन्हा ठरू शकत नव्हता. दुसऱ्याच्या रागापायी आपल्यावर सुव्यवस्थाभंगाचं कलम लावलं असेल, तर वकिलाला आधी ‘ग्रेगरी विरुद्ध शिकागो’ सांगा.

पत्रकांबद्दल थोडक्यात. शेजाऱ्यांना पत्रकं देणं हा ठिय्याला उत्तम पर्याय आहे आणि तो सुरक्षितही आहे. घरं विकणाऱ्या एका दलालाविरुद्ध त्याच्याच उपनगरात पत्रकं वाटण्यावर घातलेली मनाई १९७१ मध्ये ‘ऑर्गनायझेशन फॉर अ बेटर ऑस्टिन विरुद्ध कीफ’ खटल्यात रद्द झाली. पण पत्रक टपालपेटीत टाकू नका. पोस्टाचं तिकीट न लावलेला कागद पेटीत टाकण्यावर केंद्रीय कायद्याची मनाई आहे. दाराच्या कडीत अडकवा, ‘पत्रकं नकोत’ अशी पाटी असेल तर पुढचं घर गाठा.

शेजाऱ्याला स्वतःलाच महापौराचा निषेध करायचा असेल तर त्याला यातलं काहीच लागत नाही. मिसुरीच्या लाड्यू गावात एका बाईंनी खिडकीत ‘आखातात शांतता हवी’ असा साध्या कागदाएवढा फलक लावला. गावाने मना केलं, आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाला खोटं ठरवलं. आपल्या खिडकीतला फलक चोवीस तास महापौराच्या दाराकडे तोंड करून राहू शकतो, आणि त्याला पिकेटिंगचा कोणताही नियम लागत नाही.