फेस येतो की रंग बदलतो?

सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. ‘ॲलर्जी असेल’ म्हणून गोळी दिली जाते. आठवड्याभरात पायावर बोट दाबलं की खड्डा राहू लागतो, लघवीला फेस येतो, आणि मग कुणीतरी लघवी तपासायला सांगतं. अल्ब्युमिन हे प्रथिन ‘थ्री प्लस’, म्हणजे भरपूर; मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र नॉर्मल. त्या नॉर्मलवर निर्धास्त होऊ नये. बिघाड मूत्रपिंडाच्या चाळणीत आहे.

ही चाळणी म्हणजे ग्लोमेरुलस, अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ. एकेका मूत्रपिंडात असे सुमारे १० लाख. त्यांतून रोज साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो, तरी दिवसभराच्या लघवीत प्रथिनं १५० मिलिग्रॅमपेक्षा कमीच जातात. मोठ्या माणसात ती ३.५ ग्रॅमच्या वर गेली, रक्तातलं अल्ब्युमिन घसरलं आणि सूज आली, की तो नेफ्रोटिक सिंड्रोम.

गुच्छाला दाह झाला की चित्र पालटतं. लघवी कमी आणि कोऱ्या चहासारखी होते, बीपी चढतं. हा नेफ्रायटिस. मुतखड्यातही रक्त जातं, पण त्या लाल पेशी गोल-गरगरीत असतात. ग्लोमेरुलसमधून घुसून आलेल्या वेड्यावाकड्या. लॅबमध्ये ताजा नमुना नीट पाहिला तरच हे कळतं, आणि तेवढा वेळ सगळीकडे दिला जात नाही.

मग विचारायचं, घसा कधी दुखला होता? घसा धरल्यावर एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली, तर संशय आयजीए नेफ्रोपथीचा, म्हणजे आयजीए हे प्रतिपिंड चाळणीत साचण्याचा. पॅरिसच्या ज्याँ बर्जे यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेला आजार. एक ते तीन आठवडे मध्ये गेले, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या संसर्गानंतरचा नेफ्रायटिस. अंगावरच्या पिकलेल्या फोडांनंतर हे अंतर आणखी वाढतं. यात रक्तातलं सी-थ्री हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन उतरतं आणि साधारण दोन महिन्यांत परत चढतं. नाही चढलं, तर निदान पुन्हा तपासायचं.

शेवटचा शब्द बहुधा बायोप्सीचा, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा. लहान मुलांच्या नेफ्रोटिकमध्ये मात्र सहसा आधी स्टेरॉइड देऊनच पाहतात, कारण बहुतेकांना ‘मिनिमल चेंज’ हा प्रकार असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काहीच दिसत नाही. चाळणीच्या पेशींचे सपाट झालेले पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच दाखवतो.

मोठ्यांमधल्या नेफ्रोटिकच्या मेम्ब्रेनस प्रकारासाठी, ज्यात चाळणीचा पडदा जाड होतो, पीएलए-टू-आर ही प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी २००९ नंतर हाताशी आली. ती निगेटिव्ह आली, तर डॉक्टरांनी तोंडाला काय लावता हेही विचारावं. केरळात अशा काही रुग्णांचा आजार गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याशी जोडला गेला, आणि क्रीम थांबवल्यावर अनेकांची प्रथिनगळती ओसरली.